पिनोक्किओवरून इटालियन ॲनिमेशन लघुपट: कोणते काम आधी, कोणते नंतर

पिनोक्किओवर ॲनिमेशनपट करायचे ठरले की बहुतेक जण पहिल्याच दिवशी पेन्सिल उचलतात आणि लांब नाकाचा बाहुला काढायला बसतात. महिनाभरात दहा-बारा देखणी चित्रे होतात, पंधरा-वीस सेकंदांचे हलते दृश्यही तयार होते आणि मग काम अडते. गोष्टीचा कोणता भाग घ्यायचा ते ठरलेले नसते, संवाद इटालियनमध्ये लिहिलेले नसतात, आवाज मिळालेले नसतात. मग काढलेली चित्रे फेकायचा जीव होत नाही आणि ती वापरताही येत नाहीत.

चित्र काढण्याचे कौशल्य असलेले लोकही अडकतात ते कामांच्या क्रमामुळे. म्हणून हा लेख क्रमावरच आहे. उदाहरण म्हणून आठ मिनिटांचा, हाताने काढलेला द्विमितीय, इटालियन संवादांचा लघुपट धरला आहे. एकट्याने किंवा तीन-चार जणांच्या चमूने हे काम होऊ शकते. पूर्ण लांबीचा चित्रपट करायचा तर माणसे आणि पैसे वाढतात, क्रम तोच राहतो.

टप्पा १: हक्क तपासा

इटलीत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे त्याच्या कृतीचा हक्क (कॉपीराइट) टिकतो, भारतात ६० वर्षे. दोन्हीकडे मोजणी मृत्यूचे वर्ष संपल्यावर सुरू होते. पिनोक्किओचे लेखक कार्लो कोल्लोदी १८९० मध्ये वारले, त्यामुळे मूळ इटालियन मजकूर दोन्ही देशांत खुला, म्हणजे हक्कमुक्त, आहे. हीच मोजणी प्रत्येक कृतीला लावा. इटालियन लेखक जान्नी रोदारी १९८० मध्ये आणि दीनो बुत्साती १९७२ मध्ये गेले. त्यांच्या बालकथा कितीही आवडत असल्या तरी वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय एक रेघही ओढू नका.

चित्रांचा हक्क मजकुरापेक्षा वेगळा असतो, हे बरेच जण विसरतात. १८८३ च्या पहिल्या आवृत्तीतील एनरिको मात्झान्ती यांची चित्रे खुली आहेत; ते १९१० मध्ये वारले. १९०१ च्या आवृत्तीचे चित्रकार कार्लो किओस्त्री १९३९ मध्ये गेले, तीही चित्रे खुली. १९११ च्या रंगीत आवृत्तीचे आत्तिलिओ मुस्सिनो मात्र १९५४ मध्ये वारले, म्हणून त्यांची चित्रे इटलीत १ जानेवारी २०२५ पासूनच मुक्त झाली. नव्या आवृत्त्यांतील चित्रांना हात लावू नका.

अनुवादालाही स्वतंत्र हक्क असतो. हक्क अजून चालू असलेल्या मराठी किंवा इंग्रजी अनुवादावरून पटकथा लिहिली, तर मूळ पुस्तक खुले असूनही तुम्ही अनुवादकाच्या हक्कात शिरता.

सावध: पिवळी टोपी, पांढरे हातमोजे, लाल चड्डी आणि छत्री घेतलेला रातकिडा ही डिस्नेच्या १९४० च्या चित्रपटातली रचना आहे, कोल्लोदींच्या पुस्तकातली नाही. नकळत हात तिकडेच वळतो. टप्पा ६ मध्ये पात्रे काढायला घ्याल तेव्हा ही यादी समोर ठेवा आणि यातले काही उतरले असेल तर खोडून टाका.

टप्पा २: मूळ पुस्तक वाचा आणि एकच तुकडा कापा

पुस्तकात ३६ प्रकरणे आहेत. आठ मिनिटांत ती सगळी कोंबली तर एका प्रकरणाला तेरा सेकंद येतात. तरीही हा मोह फार जणांना होतो: नाक, सर्कस, गाढवाचे कान, माशाचे पोट, शेवटी खरा मुलगा. असा लघुपट गोष्टीची विषयसूची होतो, गोष्ट होत नाही.

मी प्रकरण ५ ते ८ सुचवतो. भुकेला पिनोक्किओ घरभर अन्न शोधतो. भिंतीवरच्या चुलीवर भांडे उकळते आहे म्हणून धावतो, तर चूल आणि भांडे दोन्ही रंगवलेली. कचऱ्याच्या ढिगात अंडे मिळते, फोडताच आतून पिल्लू निघते, आभार मानून उडून जाते. वादळी रात्री तो गावात जाऊन घंटा वाजवतो, खिडकीतला म्हातारा भाकरीऐवजी अंगावर पाणी ओततो. घरी येऊन तो ओले पाय निखाऱ्यांच्या शेगडीवर टेकवून झोपतो आणि पाय जळून जातात. सकाळी त्याला घडवणारा म्हातारा, जेप्पेत्तो, येतो, स्वतःच्या न्याहारीची तीन नासपती पोराला देतो, नवे पाय करतो, आणि शेवटी अंगावरचा ठिगळांचा कोट विकून त्याच्यासाठी बाराखडीचे पुस्तक आणतो. बाहेर बर्फ पडत असतो.

दोन मुख्य पात्रे, एक खोली, एक रस्ता, एक रात्र. छोट्या चमूला झेपेल असे याहून चांगले कथानक या पुस्तकात दुसरे नाही.

आता हा भाग पुस्तक समोर ठेवून, वही घेऊन वाचा. प्रत्येक प्रकरणासाठी चार रकाने करा: काय घडते, कोणत्या वस्तू लागतात, कोणता प्रकाश, कोणते संवाद. हे काम चोख झाले की पुढच्या अर्ध्या चुका होत नाहीत. ऐकीव माहितीवर चालणाऱ्यांच्या हातून सुटणाऱ्या गोष्टी अशा:

नाक फक्त खोटे बोलल्यावर वाढते, हा समज. प्रकरण ३ मध्ये घडवतानाच ते वाढत जाते. प्रकरण ५ मध्ये भांडे खोटे आहे हे कळताच ते निदान चार बोटे लांबते, तिथे खोटे बोलण्याचा प्रश्नच नाही. उलट प्रकरण ७ मध्ये पिनोक्किओ सरळ खोटे बोलतो, पाय मांजराने खाल्ले म्हणतो, आणि नाक जागचे हलत नाही. तुमच्या लघुपटात इथे नाक वाढवले तर पुस्तक माहीत असलेला इटालियन प्रेक्षक लगेच ओळखेल.

बोलणारा रातकिडा प्रकरण ४ मध्येच हातोडीच्या घावाने मरतो. आपल्या तुकड्यात तो खोलीत असू शकत नाही. पिनोक्किओला त्याचे शब्द आठवतात, तेवढेच.

कपडे. कागदी फुलाफुलांचा पोशाख, झाडाच्या सालीचे बूट आणि पावाच्या गराची टोपी प्रकरण ८ मध्ये तयार होतात. त्याआधी तो नुसता लाकडी, उघडा. गंमत म्हणजे प्रकरण ६ मधला म्हातारा त्याला टोपी पुढे धरायला सांगतो. टोपी अजून नाही, मग तो काय पुढे करतो? नुसते हात? हे तुम्ही स्टोरीबोर्डच्या (शॉटवार कच्च्या चित्रांच्या) आधी ठरवायचे.

कान. घाईत जेप्पेत्तो कान करायला विसरला, असे प्रकरण ३ सांगते. प्रकरण ३२ मात्र जन्मापासून कान अगदी इवलेसे होते म्हणते. दोन्हींपैकी एक निवडा आणि मॉडेल शीटवर, म्हणजे पात्राच्या नमुना-चित्रांच्या पानावर, लिहून ठेवा.

तपासा: चार रकान्यांच्या वहीत शेगडी किती वेळा आली? दोनदा यायला हवी. अंडे शिजवायला पहिल्यांदा, पाय जळताना दुसऱ्यांदा. अंड्याचे कवचही परत येते, जेप्पेत्तो नव्या पायांसाठी सरस कवचातच विरघळवतो. या वस्तू पहिल्यांदा दिसतात तेव्हा प्रेक्षकाच्या नजरेत भरल्या पाहिजेत, नाहीतर पुढचे प्रसंग पोकळ होतात.

टप्पा ३: संवाद थेट इटालियनमध्ये

कृतीचे वर्णन मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, उलट चमू मराठी असेल तर तेच बरे. संवाद मात्र पहिल्या खर्ड्यापासून इटालियन हवेत. मराठीत लिहून मग भाषांतर करून घेतलेले संवाद लांबतात, आणि एकदा त्यांवर वेळ बेतली की सगळे कोलमडते.

सोय अशी की कोल्लोदींचे संवाद आधीच रंगमंचासारखे छोटे आणि चटपटीत आहेत. तुमचे काम कापण्याचे आहे, नव्याने लिहिण्याचे नाही. नासपतीचा प्रसंग बघा. आधी पोरगा साल काढून मागतो, मग गाभा खाणार नाही म्हणतो, आणि शेवटी भूक भागत नाही तेव्हा सालीही खातो आणि गाभेही. विनोद या चढत्या क्रमात आहे. यातली एक पायरी गाळलीत तरी तो मरतो. म्हणून इथे कापू नका, वाऱ्या-पावसाच्या वर्णनात कापा, ते चित्रात आपोआप येते.

पुस्तकाची भाषा तोस्कानी, म्हणजे इटलीच्या तोस्काना प्रांताच्या, वळणाची आहे. पिनोक्किओ बापाला ‘बाब्बो’ म्हणतो, तेच ठेवा. जुनी क्रियापदरूपे मात्र आजच्या मुलांच्या कानाला जड जातात. खर्डा इटालियन मातृभाषा असलेल्या माणसाकडून, शक्यतो तोस्कानीतल्या, मोठ्याने वाचून घ्या. जिथे तो अडखळतो तिथे ओळ बदला. व्याकरण तपासून देणारे सॉफ्टवेअर इथे कामाचे नाही.

वेळेची वाटणी इथेच करा. माझी अशी: भूक आणि रंगवलेली चूल १ मिनिट ४० सेकंद, अंडे १ मिनिट, रात्र आणि पाणी १ मिनिट १० सेकंद, पाय जळणे ३० सेकंद, जेप्पेत्तो आणि नासपती १ मिनिट ५० सेकंद, नवे पाय आणि पोशाख ५० सेकंद, कोट आणि पुस्तक १ मिनिट. बरोबर ४८० सेकंद.

टप्पा ४: ‘इटालियन’ कागदावरही हवा का, ते आत्ताच ठरवा

इटालियन संवाद असलेला, पुण्यात बनलेला लघुपट कलेच्या अंगाने इटालियन असू शकतो, कायद्याने नाही. इटलीत चित्रपटाला राष्ट्रीयत्व संस्कृती मंत्रालय देते. लेखक, दिग्दर्शक, भाषा, काम कुठे झाले अशा निकषांवर. २०१६ च्या २२० क्रमांकाच्या चित्रपट कायद्याखालची करसवलत आणि अनुदाने त्या मान्यतेला जोडलेली आहेत. भारत आणि इटली यांच्यात सहनिर्मितीचा करार आहे, भारताच्या बाजूने ते काम माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे येते. या वाटेने जायचे तर इटलीतला निर्माता आधी शोधा आणि अर्ज मुख्य काम सुरू होण्यापूर्वी करा. लघुपट पूर्ण करून मग सहनिर्माता शोधणे म्हणजे सगळी मदत हातची घालवणे.

हौसेने किंवा विद्यार्थी म्हणून करत असाल तर हा टप्पा सोडून द्या. पण आवाज देणारे, संगीतकार, पार्श्वभूमी रंगवणारे मित्र, सगळ्यांकडून कामाचे हक्क देणारे एक पानाचे पत्र आत्ताच सही करून घ्या. महोत्सव प्रवेशाच्या वेळी हीच पत्रे मागतात आणि तोवर कुणीतरी नोकरीसाठी परदेशी गेलेले असते.

टप्पा ५: कच्चा आवाज, स्टोरीबोर्ड, ॲनिमॅटिक, खरा आवाज

लघुपट याच टप्प्यात बनतो. इथे घाई केली की पुढचे सहा महिने तीच चूक निस्तरण्यात जातात.

आधी फ्रेम दर, म्हणजे सेकंदाला किती चित्रे, ते ठरवा. चित्रपटगृह आणि महोत्सवांसाठी सेकंदाला २४, इटालियन टीव्हीसाठी २५. २४ वर केलेला आठ मिनिटांचा लघुपट २५ ने चालवला तर ७ मिनिटे ४१ सेकंदांचा होतो आणि आवाज किंचित पातळ होतो. निम्मे शॉट एका दराने आणि निम्मे दुसऱ्या दराने झाले तर ओठांचा मेळ कुठेच बसत नाही. मी २४ घेतो. चमूतल्या प्रत्येकाच्या फाईलमध्ये हाच आकडा आहे हे पहिल्याच दिवशी स्वतः बघा.

मग फोनवर कच्चा आवाज ध्वनिमुद्रित करा. इटालियन जाणणाऱ्या कुणाही मित्राचा चालेल, अभिनय बेताचा चालेल, वेग मात्र नैसर्गिक हवा. या आवाजावर स्टोरीबोर्ड बेता. शॉटला क्रमांक १०, २०, ३० असे द्या, म्हणजे मध्ये १५ घालता येतो. सरासरी पाच सेकंदांचा शॉट धरला तर ९६ शॉट होतील. तुमच्या यादीत १४० झाले असतील तर तुम्ही फार तुकडे करता आहात आणि पार्श्वभूमीचे काम दीडपट वाढवता आहात.

चित्रे अंगठ्याएवढी आणि खडबडीत असू द्या. त्या शॉटमध्ये पिनोक्किओ कुठे आहे, कुठे बघतो आणि प्रेक्षकाने काय बघायचे, एवढेच कळायला हवे. खोलीचा आराखडा वरून काढून भिंतीवर लावा: दार कुठे, खिडकी कुठे, रंगवलेली चूल मागच्या भिंतीवर, शेगडी कुठे. जेप्पेत्तो भिंत चढून खिडकीतून आत येतो. खिडकी एका शॉटमध्ये डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे गेली तर तो प्रसंग कळणारच नाही.

आता चित्रे आवाजावर बसवून ॲनिमॅटिक, म्हणजे लघुपटाचा कच्चा नमुना, करा आणि पूर्ण आठ मिनिटे न थांबता बघा. कंटाळा आला तिथे थांबून दुरुस्त करत बसू नका, वेळ लिहून ठेवा आणि पुढे चला. शेवटी त्या नोंदींवर एकत्र काम करा. चार-पाच फेऱ्या लागतात, लागू द्या.

तपासा: ॲनिमॅटिक आवाज बंद करून एका मराठी मुलाला दाखवा, ज्याला इटालियनचा गंध नाही. भांडे खोटे आहे हे त्याला कळले का? पाय कशाने जळले? जेप्पेत्तो कोट न घालता का आला? तीनही उत्तरे आली पाहिजेत. मग पडदा बंद करून फक्त आवाज एखाद्या इटालियन श्रोत्याला ऐकवा. दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्यानंतरच खरा आवाज. व्यावसायिक आवाजांचे मोठे काम रोम आणि मिलानो इथे चालते, पण चांगली खोली आणि मायक्रोफोन असला तर कलाकार घरूनही फाईल पाठवू शकतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, प्रक्रिया न केलेली फाईल मागा. पिनोक्किओसाठी खरे मूल घेतले तर पालकांची संमती लेखी घ्या आणि सत्रे छोटी ठेवा; मूल दमले की आवाज लगेच सपाट होतो. प्रत्येक ओळीचे तीन वेगवेगळे उच्चार घ्या, आणि रडणे, धापा, तोंडात घास असतानाचे बोलणे वेगळे मुद्रित करा. नासपती चावत बोललेली ओळ नंतर स्वच्छ आवाजावर जोडता येत नाही.

खरा आवाज ॲनिमॅटिकमध्ये घालून वेळ पुन्हा जुळवा आणि मग ते कुलूपबंद करा. इथून पुढे शॉटची लांबी बदलायची नाही.

सावध: आधी चित्र हलवून मग आवाज ‘डब’ करण्याची सवय असेल तर ती इथे सोडा. इटालियनमध्ये जोडव्यंजनावर जीभ रेंगाळते, जेप्पेत्तो म्हणताना ‘प्प’ आणि ‘त्त’ दोन्हींवर. तो रेंगाळ आवाजात आहे. चित्राला त्याच्या मागे जावे लागते.

टप्पा ६: पात्रे, पार्श्वभूमी, रंग

आता पेन्सिल. मॉडेल शीटवर पिनोक्किओचे चार वेगळे नमुने लागतात: उघडा, ओला, पाय जळालेला, पोशाखातला. नाकाच्या दोन लांब्या, भांड्याआधीची आणि नंतरची. प्रत्येक शॉटच्या तक्त्यात कोणता नमुना ते लिहा.

तो लाकडाचा आहे, हे सतत स्वतःला बजावा. धड आणि डोके दबत नाहीत, ताणत नाहीत. हालचाल सांध्यातून येते. नवशिके सवयीने त्याला रबरासारखा करतात आणि पाय जळूनही त्याला दुखत नाही ही गोष्ट मग पटेनाशी होते. सांध्यांचा अभ्यास करायला कुडाळजवळच्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांचे खेळ उत्तम. वजन कुठे पडते, हात उशिरा कसा पोहोचतो, डोके थांबल्यावर अंग कसे हलत राहते, ते फोनवर टिपून फ्रेम-फ्रेमने बघा. चेहरे आणि वेश तिथून घेऊ नका, ही गोष्ट तोस्कानीची आहे.

जबडा बिजागरीचा की चेहरा सजीव, हेही ठरवा. बिजागरीच्या जबड्याला तोंडाचे चार-पाच आकार पुरतात, जेप्पेत्तोला आठ तरी लागतील. जेप्पेत्तोच्या डोक्यावर मक्याच्या लापशीच्या रंगाचा पिवळा केसांचा टोप आहे, त्यावरून गाव त्याला चिडवते. तो रंग चौकटीत दुसऱ्या कशालाच देऊ नका.

खोली गरीब आहे: एक मोडकी खुर्ची, एक वाईट पलंग, एक खिळखिळे टेबल, जिन्याखालून येणारा उजेड. एवढेच सामान पुस्तकात आहे. पार्श्वभूमीकार हौसेने फळ्या, बाहुल्या, घड्याळे लटकवतो, काढून टाका. घर भरलेले दिसले की भुकेवरचा विश्वास उडतो.

सावध: रंगवलेल्या चुलीतली ज्वाळा आणि भांड्याची वाफ ही पार्श्वभूमीचा भाग आहे. ती एका फ्रेमपुरतीही हलता कामा नये. ॲनिमेटरला वाफ दिसली की हात शिवशिवतात. शेगडीतले निखारे मात्र धगधगले पाहिजेत. खोटी आग निश्चल आणि खरी आग जिवंत, या फरकावर सगळा लघुपट उभा आहे.

पार्श्वभूमी रंगवण्याआधी आठही मिनिटांची एक रंगपट्टी करा, प्रत्येक प्रसंगाला बोटभर चौकोन. रात्रीची निळाई, निखाऱ्यांची लाली, सकाळचा राखाडी उजेड, शेवटचा बर्फ. पट्टी दुरून बघितल्यावर प्रसंग वेगळे ओळखू यायला हवेत.

टप्पा ७: ॲनिमेशन

आधी हिशोब. ४८० सेकंद गुणिले २४ म्हणजे ११,५२० फ्रेम. दोन फ्रेमला एक चित्र धरले तर एका पात्राची ५,७६० चित्रे. तुम्ही दिवसाला तीन सेकंद कच्चे ॲनिमेशन करत असाल तर एकट्याला १६० दिवस, क्लीनअप (कच्च्या रेघा स्वच्छ करणे) आणि रंग वेगळे. तुमचा स्वतःचा वेग एका मध्यम अवघड शॉटवर मोजा आणि त्यावरूनच तारीख सांगा.

सॉफ्टवेअर चमूला येणारे घ्या. नवे शिकायचेच असेल तर ओपनटून्झ बघा. मूळ टून्झ रोमच्या डिजिटल व्हिडिओ या कंपनीने बनवले आणि २०१६ पासून त्याची खुली आवृत्ती मोफत मिळते. क्रिटा आणि ब्लेंडरही मोफत आहेत. निवड झाली की एक शॉट सुरुवातीपासून शेवटपर्यंत, रंग आणि आवाजासकट पूर्ण करून बघा. अडचणी त्या एका शॉटमध्ये सापडू देत, साठाव्यात नको.

प्रत्येक शॉटमध्ये क्रम असा: लेआउट (चौकटीत काय कुठे), हालचालीची मुख्य चित्रे, वेळ तपासणी, त्यांच्यामधली चित्रे, क्लीनअप. वेळ तपासणीआधी मधली चित्रे काढू नका आणि दिग्दर्शकाने होकार दिल्याशिवाय क्लीनअपला हात घालू नका.

पहिल्या शॉटपासून सुरू करू नका. मधल्या सोप्या शॉटवर हात बसू द्या, मग नासपती आणि कोट, शेवटी सुरुवातीचा मिनिट. तोवर हात सर्वांत चांगला चालत असतो, आणि महोत्सवाची निवड समिती पहिलाच मिनिट सर्वांत लक्ष देऊन बघते.

ओठांचा मेळ बसवताना तोंडाचा आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवा. प, ब, म वर ओठ पूर्ण मिटले पाहिजेत, आणि जोडव्यंजन असेल तर निदान दोन-तीन फ्रेम मिटलेले राहिले पाहिजेत. बाकी आकारांत थोडी चूक खपते, मिटलेल्या ओठांत नाही. प्रत्येक अक्षराला आकार देत बसलात तर तोंड फडफडते. आधी स्वर बसवा.

सावध: पार्श्वभूमी सरकत असताना पात्र दोन फ्रेमला एक चित्र असे चालवले तर ते थरथरते. अशा शॉटमध्ये, म्हणजे पावसातल्या धावण्यात, दर फ्रेमला नवे चित्र द्या किंवा कॅमेरा स्थिर ठेवा. स्थिर कॅमेरा इथे जास्त चांगला दिसतो.

पाणी, बर्फ, निखारे आणि धूर हे एकाच माणसाकडे द्या. म्हाताऱ्याने ओतलेले पाणी आणि छतावरून गळणारे पाणी दोन हातांचे असेल तर लगेच उघडे पडते.

टप्पा ८: रंग आणि जोडणी

हा भाग कंटाळवाणा पण सरळ आहे. रंग नेहमी क्रमांकाच्या पॅलेटमधून (ठरलेल्या रंगांच्या यादीतून) भरा, डोळ्याने नाही. दिवस, रात्र आणि निखाऱ्याचा उजेड अशी तीन पॅलेट पुरतात. फाईलच्या नावात शॉट क्रमांक, टप्पा आणि आवृत्ती असू द्या. ‘अंतिम’ हा शब्द नावात कुणालाही वापरू देऊ नका. दर संध्याकाळी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि आठवड्याला एक प्रत दुसऱ्या घरी.

तपासा: सगळे शॉट ॲनिमॅटिकवर जागच्या जागी बसवून बघा. एखादा शॉट दोन फ्रेम कमी-जास्त आला असेल तर आवाज ओढू नका, शॉट दुरुस्त करा.

टप्पा ९: ध्वनी, संगीत, सबटायटल, प्रती

लाकडाचे आवाज खरे नोंदवा. पोकळ पेटी, भरीव ठोकळा, फरशीवर पडलेली लाटणी, प्रत्येकाचा नाद वेगळा. पाय जळाल्यावर तो जमिनीवर सरपटतो तेव्हाचा आवाज आधीच्या चालण्याहून वेगळा हवा. रंगवलेल्या भांड्याला उकळीचा आवाज देऊ नका. दिलाच तर पिनोक्किओच्या मनातला म्हणून द्या आणि त्याच्या बोटांनी भिंतीला स्पर्श करताच तोडा.

संगीतात नेहमीची चूक हक्कांची. इटालियन संगीतकार रॉस्सिनी १८६८ मध्ये वारले, त्यांची रचना खुली आहे. पण ती वाजवलेली ध्वनिफीत खुली असेलच असे नाही. स्वतः वाजवून घ्या किंवा फितीचा परवाना घ्या. आणि कोट विकून आल्याच्या प्रसंगावर रडवे व्हायोलिन चढवू नका. ‘गरम होत होते’ एवढेच जेप्पेत्तो सांगतो. प्रेक्षकाला तेवढे पुरते.

मराठी सबटायटल एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको, आणि शॉट बदलताना मागची ओळ रेंगाळू देऊ नका. काही संपादन सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या चुकीच्या अक्षरावर जातात. म्हणून ‘जेप्पेत्तो’, ‘पिनोक्किओ’, ‘निखाऱ्यांवर’ हे तीन शब्द टाकून पडद्यावर आधी बघून घ्या. सबटायटल चित्रावर कायमचे छापू नका, वेगळी फाईल ठेवा.

शेवटी प्रती. चित्रपटगृहासाठी डीसीपी (तिथल्या प्रोजेक्टरला लागणारा डिजिटल फाईलसंच), संग्रहासाठी कमीत कमी दाबलेली मूळ फाईल, महोत्सवांना पाठवायला हलकी फाईल. डीसीपी खऱ्या पडद्यावर, पूर्ण आठ मिनिटे, आवाजासह चालवून बघा. संगणकावर ठीक दिसलेला रात्रीचा प्रसंग चित्रपटगृहात काळाकुट्ट निघू शकतो. ध्वनीचे तीन वेगळे ट्रॅक जपा: संवाद, संगीत, इतर आवाज. पुढे मराठी मुलांसाठी मराठी आवाजात आवृत्ती करायची झाली तर संवादाचा ट्रॅक तेवढा बदलावा लागेल. तिन्ही एकत्र मिसळून ठेवले असतील तर पावलांपासून पावसापर्यंत सगळे पुन्हा नोंदवावे लागेल.